वृद्धापकाळ, वय बासष्ट

आजीच्या मृत्यूचा दाखला मला हवा होता तो फेरफारासाठी. मामांनी पत्र्याच्या पेटीतून काढून दिला. नाव, नवऱ्याचं नाव, तारीख, गाव, नोंदणी क्रमांक, ग्रामपंचायतीचा गोल शिक्का. तलाठ्याकडचं काम लवकर उरकलं, पण परतीच्या एसटीत मी तो कागद पुन्हा पुन्हा काढून वाचत होते. आजी जानेवारी १९९४मध्ये गेली, हे त्यावर होतं. कशानं गेली, हे कुठेच नव्हतं.

आधी वाटलं, रकाना भरायचा राहून गेला असेल. मग कळलं की दाखल्यावर तसा रकानाच नसतो. १९६९च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याच्या सतराव्या कलमातच म्हटलंय, की मृत्यूच्या नोंदीचा उतारा देताना त्यात कारण उघड करायचं नाही. मला ही तरतूद पटते. क्षय, कुष्ठरोग, एड्स, आत्महत्या यातल्या एका शब्दानं जिथे घरातल्या मुलींची लग्नं मोडतात, तिथे तो शब्द झाकलेलाच बरा. पण त्यामुळे होतं असं, की गेलेल्या माणसाचं कारण घरात राहत नाही. ते सरकारी वहीत जातं, तिथून तालुक्याला, जिल्ह्याला, राज्याला, आणि शेवटी देशाच्या आकड्यांत विरघळून जातं. २०२३च्या दुरुस्तीनंतर निदान दवाखान्यात मृत्यू झाला तर कारणाच्या प्रमाणपत्राची एक प्रत जवळच्या नातेवाइकाला द्यावी लागते. आजी मात्र घरीच गेली होती, आणि तीस वर्षांपूर्वी.

रात्री जेवणं झाल्यावर मी मामांना विचारलं, "मामा, आजीचं कारण काय लिहिलं होतं हो?"

मामा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मीच सांगितलं होतं ग्रामसेवकाला. वृद्धापकाळ."

"बासष्टाव्या वर्षी?"

"त्यानं विचारलं, काय लिहू. मी म्हटलं, लिहा वृद्धापकाळ. त्यानं लिहिलं."

दुसऱ्या कुणी हे सांगितलं असतं तर मी विसरून गेले असते. पण मामा शाळामास्तर, आणि पुढे कितीतरी वर्षं गावातला प्रत्येक जन्म आणि प्रत्येक मृत्यू सरकारसाठी वहीत टिपून ठेवण्याचं काम त्यांनी केलं. असं काम करणाऱ्या माणसाच्या स्वतःच्या आईच्या नावापुढे वृद्धापकाळ लिहिलेलं आहे, आणि ते त्यांच्याच सांगण्यावरून.

आजीची स्वतःची एक यादी होती. ती कुठे लिहिलेली नव्हती. संध्याकाळी तुराट्या मोडून चुलीजवळ रचताना, मूड असला तर, ती सांगायची. "सात झाले, तीन राह्यले." आमच्याकडच्या म्हाताऱ्या बायका आपल्या बाळंतपणांचा हिशेब असाच सांगायच्या, दोन आकड्यांत. मग मी विचारत सुटायचे आणि ती एकेकाचं सांगायची. पहिला मुलगा आठ दिवसांत गेला, दूध ओढेना, मग अंग ताठ झालं. एक मुलगी देवीत गेली. एकाला डबा झाला, पोट भात्यासारखं वरखाली व्हायचं. आणि एक दोन वर्षांचं होऊन, चालायला लागून, हगवणीत गेलं. हे शेवटचं सांगताना ती हमखास थांबायची. त्याला चार शब्द बोलता येत होते.

आज तिची ती यादी आठवते तेव्हा वाटतं, एखाद्या डॉक्टरनं याहून वेगळं काय लिहिलं असतं? दूध ओढेना आणि अंग ताठ झालं म्हणजे धनुर्वात. विळ्यानं नाळ कापायची आणि त्यावर राख किंवा शेण लावायचं, त्या काळी घरोघरी हेच चालायचं. जंतू नाळेतून शिरला की सहाव्या-सातव्या-आठव्या दिवशी बाळ आकडायचं. आपल्याकडे पाचव्या रात्री सटवाईची पूजा करतात, ती त्या रात्री बाळाच्या कपाळावर नशीब लिहून जाते म्हणतात. हा काही अभ्यासकाचा निष्कर्ष नाही, पण मला कायम वाटत आलंय, की ती रात्र तिथे नेमकी ठेवली गेली यामागे हजारो आयांची मोजदाद असणार. पहिला आठवडा हा मरणाचा आठवडा असतो, हे बायकांना कागदाआधी माहीत होतं. आईला गरोदरपणात धनुर्वाताची लस आणि नाळेला स्वच्छ ब्लेड, इतकंच लागतं. भारतातून माता आणि नवजातांचा धनुर्वात आटोक्यात आल्याचं शिक्कामोर्तब व्हायला २०१५ साल उजाडलं.

डबा म्हणजे न्यूमोनिया. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी 'सर्च' संस्थेतून जे काम केलं, त्याची सुरुवातच मुळी मोजण्यापासून झाली. गावोगावी किती मुलं जन्मतात, किती मरतात, कधी आणि कशानं. मग गावातल्याच बायकांना बाळाचे श्वास मोजायला शिकवलं. दोन महिन्यांखालच्या बाळाचे श्वास मिनिटाला साठ किंवा त्याहून जास्त झाले तर धोका. त्यांच्या घरच्या घरी नवजात बाळांची काळजी घेण्याच्या पद्धतीनं त्या गावांमधले नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले, हे १९९९ साली जगापुढे आलं. आज आशाताई बाळंतिणीच्या घरी जाऊन वजन घेतात, ताप बघतात, त्याचं मूळ तिथे आहे. आजीच्या लेकराच्या वरखाली होणाऱ्या पोटाकडे बघणारं, त्याचे श्वास मोजणारं, कुणीतरी हवं होतं. एवढंच.

देवीत गेलेल्या मुलीबद्दल आजी कधी रडली नाही. देवीचं घेणं होतं, म्हणायची. भारतात देवीचा शेवटचा रुग्ण १९७५च्या मे महिन्यात सापडला. ज्या रोगाला आपण देवी म्हणत होतो, ज्याच्या नावानं पोरांच्या तोंडावर आयुष्यभराचे व्रण राहायचे, तो रोग आता जगाच्या पाठीवर कुठेही नाही, हे मी तिला एकदा सांगितलं. तिनं फुंकणी खाली ठेवली आणि विचारलं, "म्हणजे कोणाच्याच पोरीले होणार नाही?"

मरणाची कारणं लिहून ठेवण्याची रीत पार सतराव्या शतकातल्या लंडनमध्ये सापडते. तिथे दर आठवड्याला मेलेल्यांची पत्रकं निघत. प्रेत बघून कारण सांगायचं काम गरीब म्हाताऱ्या बायकांकडे होतं. जॉन ग्राँट नावाच्या एका कापडविक्यानं ती पत्रकं गोळा करून १६६२ साली त्यांच्यावर पुस्तक लिहिलं. त्यातल्या १६३२च्या तक्त्यात 'दात' या कारणानं ४७० मृत्यू आहेत, बहुधा दात येण्याच्या वयातली मुलं. 'अचानक' ६२. आणि 'दुःख' ११. दुःखानं अकरा माणसं गेली, हे कुणा म्हातारीनं दारात उभं राहून सांगितलं आणि कुणीतरी ते लिहून घेतलं. नंतरच्या वर्गीकरणांत दुःखाला जागा उरली नाही, ते एका अर्थी बरोबरच झालं. पण त्या अकरांपाशी मी दर वेळी थबकते.

आपल्याकडे रोगांची स्मृती कागदापेक्षा देवळांत जास्त आहे. वेशीवरची मरीआई, जरीमरी, पटकीच्या साथीत गावानं केलेले नवस. १८९६ साली मुंबईत प्लेग आला, पुढच्या वर्षी पुण्यात. मुंढव्याहून प्लेग झालेल्या मुलाला पाठीवर घेऊन आपल्या दत्तक मुलाच्या, डॉ. यशवंतरावांच्या, दवाखान्यात पोचवणाऱ्या सावित्रीबाई फुले त्याच रोगानं १० मार्च १८९७ला गेल्या. १९१८ला मानमोडी आली, म्हणजे इन्फ्लुएन्झा. देशभरात एक कोटीच्या कितीतरी वर माणसं गेली. किती, यावर अजून एकमत नाही. १९२१च्या जनगणनेत देशाची लोकसंख्या आधीच्या दहा वर्षांपेक्षा कमी भरली. अशी ती एकच जनगणना. स्वातंत्र्य मिळालं तेव्हा इथल्या माणसाचं सरासरी आयुष्य साधारण ३२ वर्षांचं होतं. आता ते सत्तरीला पोचलंय. ३२ म्हणजे सगळी माणसं तिशीत मरत होती असं नव्हे. आजीची चार लेकरं ज्या वयात गेली, त्यानं ती सरासरी खाली ओढली जात होती. १९७१ साली जन्मलेल्या दर हजार बाळांमागे १२९ बाळं वर्षाच्या आत जात. २०२० साली २८.

आता त्या वृद्धापकाळाकडे येते.

दवाखान्यात माणूस गेला की डॉक्टर जो फॉर्म भरतात त्याला नमुना ४ म्हणतात, घरी गेलेल्यासाठी ४-अ. त्याची मांडणी मला फार आवडते, कारण ती माणसाला मागे मागे नेते. पहिल्या ओळीत तात्काळ कारण. दुसऱ्या ओळीत, ते कशामुळे झालं. तिसऱ्या ओळीत, ते तरी कशामुळे. सर्वांत खालच्या ओळीत जे येतं तेच मूळ कारण, आणि देशाच्या यादीत मोजायचं असतं ते. शेजारी फॉर्ममध्येच बजावलेलं असतं, की मरण कसं आलं ते लिहू नका, कशामुळे आलं ते लिहा, हार्ट फेल्युअर वगैरे लिहू नका. आणि तरीही कित्येक फॉर्मांवर 'हृदय व श्वसनक्रिया बंद पडल्याने' एवढंच असतं. हृदय तर प्रत्येकाचं बंद पडतं. रात्रपाळीचा थकलेला शिकाऊ डॉक्टर, बाहेर रडणारी माणसं, गाडी ठरलेली, कागद तातडीनं हवा. मी त्याला दोष देत नाही. पण खालच्या दोन ओळी कोऱ्या राहिल्या की त्या माणसाचा मधुमेह, त्याचा दारूनं गेलेला यकृताचा आजार, तिचा अर्धवट सोडलेला क्षयाचा कोर्स, सगळं वाहून जातं.

आणि हे झालं फॉर्म भरणाऱ्यांचं. २०२० साली देशात नोंदल्या गेलेल्या मृत्यूंपैकी डॉक्टरनं कारण प्रमाणित केलेले मृत्यू होते २२.५ टक्के. चारातला एकही धड नाही. उरलेल्यांचं कारण घरचे सांगतात आणि ग्रामसेवक लिहून घेतो. वृद्धापकाळ, ताप, छातीत दुखून, अचानक.

मामांचं काम इथे सुरू होतं. सगळ्या देशाला डॉक्टर पुरत नाही, तर निवडक वस्त्यांवर बारीक लक्ष ठेवायचं आणि त्यावरून देशाचा अंदाज बांधायचा, अशी एक पद्धत साठच्या दशकाच्या शेवटापासून चालत आली आहे. नमुना नोंदणी पद्धत. दोन हजार सालाच्या सुमारास अशी ६,६७१ ठिकाणं देशभर होती. आमचं गाव त्यातलं एक निघालं. बहुतेक ठिकाणी गावातलाच मास्तर किंवा अंगणवाडीताई ही नोंद ठेवते. मामांकडे ती वही होती, निळ्या कापडी पुठ्ठ्याची. कुणाची सून दिवसांत आहे, कोण माहेरी गेली, कोण मुंबईला गेलं, कोण वारलं. दर सहा महिन्यांनी वरून एक पर्यवेक्षक यायचे आणि स्वतः घरोघर फिरून वेगळी यादी करायचे. मग दोन्ही ताडून पाहायचे. मामांची वही सहसा चुकत नसे, याचा त्यांना अभिमान होता.

मग नवा फॉर्म आला. कोण वारलं एवढ्यानं भागणार नव्हतं, कशानं वारलं ते घरच्यांना विचारायचं होतं. त्याला व्हर्बल ऑटॉप्सी म्हणतात, म्हणजे प्रेत न बघता, बोलण्यातून मृत्यूचं कारण शोधायचं. टोरांटोचे डॉ. प्रभात झा आणि देशातल्या जन्म-मृत्यूंची नोंद पाहणारं आपलं महानिबंधक कार्यालय यांनी मिळून हे काम उभं केलं. दहा लाख मृत्यूंचा अभ्यास असं त्याचं नाव पडलं. त्या फॉर्मवर चौकोन होतेच, हो किंवा नाही असे. पण त्याशिवाय अर्धं पान कोरं होतं. घरच्या माणसाच्या शब्दांत, त्याच्या भाषेत, आजार कसा सुरू झाला आणि कसा संपला ते लिहायला. मग ते पान दोन डॉक्टरांकडे जायचं, एकाला दुसऱ्याचं मत ठाऊक नसे. दोघांचं जुळलं नाही तर तिसरा ज्येष्ठ डॉक्टर निर्णय द्यायचा.

एका दिवाळीच्या सुट्टीत मी तिथे होते. पर्यवेक्षक आले होते आणि मामा त्यांना घरं दाखवत हिंडत होते, मीही मागे गेले. एका सालदाराच्या घरी. चोवीस वर्षांचा मुलगा श्रावणात गेला होता. गावात बोललं जायचं ते करणीचं. आई ओसरीवर बसून सांगू लागली. रात्री चांगला जेवला, खाली घोंगडी टाकून झोपला. पहाटे उठला तो पोटात दुखतंय म्हणत. ओवा दिला. मग डोळे उघडेनात, "झोप येते का रे म्हटलं, त नाही म्हणे, पापण्या उचलत नाहीत." मग बोबडं बोलायला लागला. पाणी गिळेना. नऊ वाजेस्तोवर गेला. अंगावर काहीच नव्हतं, ना जखम, ना सूज.

पर्यवेक्षकांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. फक्त "मग?" एवढंच म्हणत राहिले. आणि लिहीत राहिले, पापण्या उचलत नाहीत, हे तसंच्या तसं.

त्या दिवशी मला काही समजलं नव्हतं. पुढे मण्यारीबद्दल वाचलं तेव्हा अंगावर काटा आला. मण्यार रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते, दंश दुखत नाही, दिसतही नाही. पहाटे पोटात दुखतं, पापण्या पडतात, जीभ जड होते, शेवटी श्वासाचे स्नायू थांबतात. त्या आईनं सर्पदंशाचं पाठ्यपुस्तकातलं वर्णन सांगितलं होतं, सापाचं नावही न घेता. करणी म्हणून वहीत गेलेलं मरण त्या अर्ध्या पानातून बहुतेक आपल्या खऱ्या रकान्यात पोचलं असेल.

ते एकट्याचं नव्हतं. अशाच अर्ध्या-अर्ध्या पानांतून निघालं, की भारतात २००५ साली साधारण ४६ हजार माणसं सर्पदंशानं गेली, आणि त्यातली फक्त २३ टक्के दवाखान्यात. नंतरच्या अभ्यासात २००० ते २०१९ या वीस वर्षांचा अंदाज आला, बारा लाख. वर्षाला सरासरी ५८ हजार. दवाखान्यांतून वर पोचणारे आकडे यापुढे किरकोळ होते, कारण माणूस दवाखान्यात पोचतच नव्हता. आधी मांत्रिक, मग बैलगाडी, मग प्राथमिक केंद्र, तिथे लस आहे की नाही हा प्रश्न. जे मरण मोजलं जात नाही त्याच्यासाठी औषध साठवून ठेवलं जात नाही. २०२४ साली केंद्रानं राज्यांना सर्पदंशाची नोंद सक्तीची करायला सांगितलं. त्या ओसरीपासून इथपर्यंत यायला वीसेक वर्षं गेली.

विंचवाचंही असंच. कोकणात लाल विंचू चावून माणसं दगावायची आणि ते नशीब मानलं जायचं. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी रात्र रात्र रुग्णांच्या उशाशी बसून टिपणं केली, हृदय आणि फुप्फुसं कशी हरतात ते पाहिलं, आणि प्राझोसिन हे रक्तदाबावरचं साधं औषध वापरून माणसं वाचवली. अशी टिपणं करणारी माणसं मला फार मोठी वाटतात.

देशाची आजची यादी वेगळी आहे. १९९० साली भारतातल्या मृत्यूंपैकी असंसर्गजन्य रोगांचा वाटा ३७.९ टक्के होता, २०१६ साली तो ६१.८ झाला. वर आहेत हृदयविकार, श्वासनलिका आणि फुप्फुसांचे जुनाट आजार, पक्षाघात. पण खालचं काही गेलेलं नाही. जगातल्या क्षयरुग्णांपैकी चौथा हिस्सा आजही आपल्याकडे आहे. जुनं निघून जायच्या आत नवं येऊन बसलं, आणि पुष्कळदा एकाच घरात.

मामांचंच घ्या. सडपातळ बांधा, आयुष्यभर सायकलवर शाळेत गेलेला माणूस, गोडाचं वेड नाही. पंचेचाळिशीतच शुगर निघाली. याचं उत्तर मला पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांच्या कामात सापडलं. त्यांनी १९९३पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायका आणि त्यांच्या बाळांचा पाठपुरावा केला. तिथलं बाळ जन्मतः सरासरी २.७ किलोचं, इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनचं साडेतीन किलोचं. आपलं बाळ हडकुळं, पण त्या मानानं चरबी कमी नाही. स्नायू कमी, हाडं लहान, पोटाचे अवयव लहान, चरबी मात्र राखलेली. पुढे याज्ञिकांनी एका इंग्रज सहकाऱ्याशेजारी स्वतःला उभं करून हे दाखवलं. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचं माप, सारखाच, २२.३. इंग्रजाच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या शरीरात २१.२. बारीक दिसणाऱ्या माणसाच्या आत ही साठवण असते, आणि तिची सुरुवात आईच्या पोटात होते, आईच्या अर्धपोटी राहण्यात. म्हणजे आजीनं जे खाल्लं नाही, ते मामांच्या रक्तात निघालं. २०२३ साली आलेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) पाहणीनुसार देशात १० कोटी १० लाख मधुमेही आहेत. प्रत्येकामागे अशी एक आई असेल असं मी म्हणत नाही. आमच्या घरात मात्र होती.

मरणाच्या यादीत न येणारी दुखणी हा वेगळाच विषय आहे, आणि त्यावर मला बोलल्याशिवाय राहवत नाही. १९९३ साली जागतिक बँकेच्या एका अहवालानं आजारपणात काढलेली वर्षंही मोजायची रीत पुढे आणली, नुसती मरणं नव्हेत. तोवर कंबरदुखी, अर्धशिशी, पांढरं पडलेलं रक्त, खिन्नता हे कशात धरलंच जात नव्हतं. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना रक्तक्षय निघाला. निम्म्याहून जास्त. माझी आई म्हणायची, थकवा हा बाईचा स्वभाव असतो. तो स्वभाव नव्हता, हिमोग्लोबिन कमी होतं. पण त्यानं कुणी चटकन मरत नाही, म्हणून कुणी दाखला मागत नाही.

आणि एक रकाना असा, ज्यात घरचे मुद्दाम दुसरं काही लिहवतात. आमच्या भागातल्या वर्तमानपत्रांत वर्षानुवर्षं मी एक वाक्य वाचत आले, 'पोटदुखीला कंटाळून'. तरण्या सुनेची, कर्जातल्या शेतकऱ्याची, सगळ्यांची पोटदुखी. २०२२ साली देशात १,७०,९२४ आत्महत्यांची नोंद झाली, सर्वांत जास्त महाराष्ट्रात. कारणांमध्ये कौटुंबिक अडचणींखालोखाल आजारपण, १८.४ टक्के. त्यातलं किती आजारपण खरं आणि किती त्या वाक्यातलं, हे त्या घरांनाच माहीत. माझ्या वर्गातली एक मुलगी अशी गेली. बातमीत पोटदुखी होती. आम्ही सगळ्या मैत्रिणींनी ती बातमी वाचली आणि कुणीही काही बोललं नाही, मीसुद्धा नाही.

कोविडमध्ये तर सगळा देशच या प्रश्नापाशी येऊन थांबला होता, की कशानं गेले आणि किती. २०२० साली नोंदलेले एकूण मृत्यू होते ८१ लाख, २०२१ साली एक कोटी दोन लाख. एका वर्षात एकवीस लाखांची वाढ. वाढीव नोंदीत काही भाग नोंदणी सुधारल्याचाही असतो, हे मान्य. पण त्यातल्या किती जणांच्या खालच्या ओळीत काय लिहिलं गेलं, ते पाहायला त्या वर्षी कुणापाशी वेळ होता?

पुन्हा मामांकडे.

त्या रात्री ते म्हणाले, "सालदाराच्या घरून आलो ना आपण त्या दिवाळीत, त्यानंतरचं घर आठवतं तुला? नाही, तू परत गेली होतीस." पर्यवेक्षक एका म्हातारीच्या मरणाची चौकशी करत होते. किती वर्षं खोकला होता? हिवाळ्यात वाढायचा का? चालताना धाप लागायची? थुंकीत रक्त? संध्याकाळी पाय सुजायचे? आडवं झोपता यायचं, की बसून रात्र काढायची? स्वयंपाक कशावर करायच्या? घराला खिडकी होती? मामा शेजारी बसून ऐकत होते. एकेक प्रश्न त्या घरच्या लोकांना विचारला जात होता आणि मनातल्या मनात उत्तर मामा देत होते. सगळ्यांना.

घरी येऊन त्यांनी निळ्या वहीतलं एक कोरं पान काढलं. ते पान अजून पेटीत होतं, दाखल्याखालीच. मामांनी दाखला काढून दिला तेव्हा ते खाली राहिलं होतं. मामांनी उठून आणून दिलं. वर तारीख नाही, नोंदणी क्रमांक नाही. सरकारी फॉर्मसारखीच मोजून अर्धं पान, मास्तरांच्या वळणदार अक्षरात:

"आई. वय ६२. खोकला अंदाजे २० वर्षांपासून, थंडीत वाढायचा. कफ पांढरा, रक्त कधी नाही. विडी-तंबाखू नाही. वयाच्या बाराव्या वर्षापासून चुलीवर स्वयंपाक, सरपण पऱ्हाटी, तुराटी, गोवऱ्या. स्वयंपाकघरास खिडकी नाही, मागील भिंतीस एक झरोका. शेवटची तीन वर्षे विहिरीवरून येताना दोनदा बसावे लागे. शेवटचे वर्ष पाय सुजत, सकाळी कमी होत. आडवे होता येत नसे, भिंतीला टेकून झोपत असे. डॉक्टरांना दाखविले नाही. दमा आहे, वयाने होते, असे आम्ही समजत होतो. अखेरच्या दिवशी ओठ निळे झाले होते. त्या दिवशी सकाळचा चहा तिनेच केला."